शरीरात अडकलेली गोळी काढायलाच हवी का?

शेवंती
सिनेमात चिमट्याने गोळी काढतात, ती ट्रेमध्ये टणकन पडते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ट्रॉमा विभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) नर्स म्हणून काम करताना मी याच्या अगदी उलट पाहते. गोळी लागलेला पेशंट आला की "गोळी कुठे आहे" हा प्रश्न नंतरचा. रक्त कुठून जातंय, श्वास नीट आहे का, पोटात आतडं फाटलंय का, हे आधी. गोळीला जे नुकसान करायचं ते तिने वाटेतच केलेलं असतं. थांबल्यावर तिच्याभोवती शरीर स्वतःच आवरण तयार करतं. ती शोधायला चांगला स्नायू चिरायचा म्हणजे आणखी एक जखम.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना २ जुलै १८८१ला गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं पुन्हा पुन्हा जखमेत घातली. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी गोळी सापडावी म्हणून धातू शोधायचं यंत्रही आणलं. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी स्वादुपिंडामागे आवरणात गुंडाळलेली निघाली. याउलट १९१२मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीतली गोळी तशीच ठेवली आणि ते पुढे सहा वर्षांहून जास्त जगले.

नातेवाईक मात्र "गोळी काढली का?" एवढंच विचारत राहतात. नाही म्हटलं की त्यांना वाटतं, उपचार अर्धवट राहिले.

काळापाषाण
असहमत. गारफील्ड यांच्या उदाहरणावरून घाणेरड्या हातांनी माणूस मरतो एवढंच सिद्ध होतं. गोळी आत ठेवावी हे त्यातून कसं निघतं?

माझ्या आतेभावाच्या गुडघ्यात बंदुकीचे शिशाचे छर्रे राहिले. "काही होत नाही" म्हणून घरी पाठवलं. काही वर्षांनी गुडघा सुजायला लागला, मग पोटात कळा, थकवा, चिडचिड. पोटाच्या किती तपासण्या झाल्या, पण रक्तातलं शिसं तपासायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी जुना व्रण पाहून विचारलं. शिशाचं प्रमाण भयंकर वाढलेलं होतं. "काही होत नाही" हे वाक्य मला अजूनही सहन होत नाही.

डॉ. वाटसरू
मी सर्जन आहे. काळापाषाण, तुमच्या भावाचे छर्रे काढायलाच हवे होते. सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळत राहतं, शिवाय सांधा झिजतो तो वेगळाच. मणक्याच्या नळीत, डोळ्यात, हृदयाच्या कप्प्यात किंवा रक्तवाहिनीत असलेल्या गोळीचाही विचार वेगळा करावा लागतो. रक्तवाहिनीतली तर प्रवाहाबरोबर भलतीकडे जाऊन अडकू शकते. स्नायूत खोल रुतलेली एकच गोळी असेल, तर मी शेवंतीताईंच्या बाजूचा.

पण गोळी तापलेली असते म्हणून जखम निर्जंतुक होते, असं समजू नका. ती कपड्याचे धागे आणि माती आत ओढून नेते. म्हणून धनुर्वाताची लस, भरपूर पाण्याने धुणं आणि मेलेला स्नायू कापून काढणं महत्त्वाचं. चिमट्याने दाबल्यावर आकसत नाही, कापल्यावर रक्त येत नाही, रंग काळवंडलेला आणि लिबलिबीत, असा स्नायू ठेवायचा नाही. वेगवान गोळीच्या मार्गाभोवतीचा भागही क्षणभर फाकतो, म्हणून आतलं नुकसान बाहेरच्या छिद्रावरून कळत नाही. अशा जखमेला पहिल्या दिवशी टाके घालत नाहीत. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली की मग शिवायची.

अबोल_रान
डॉक्टर, पण पेशंटचं काय? माझ्या मैत्रिणीच्या पाठीत त्वचेखाली गोळी आहे. खुर्चीला टेकली की टोचते, आणि टोचली की तो सगळा प्रसंग परत आठवतो. शरीर तिचं आहे. तिला नको असेल तर ती गोळी आत का ठेवायची? शिवाय पोलिसांना पुरावाही लागतो.

शेवंती
त्वचेखालची असेल तर नक्की काढावी, जागेवर भूल देऊन होतं ते. पण मांडीतल्या मोठ्या धमनीला चिकटलेली गोळी मनःशांतीसाठी काढायला गेलो आणि धमनी फाटली तर पाय जाईल. तिथे मी पेशंटच्या आग्रहाविरुद्ध बोलेन.

पुराव्याचं म्हणाल तर केवळ त्यासाठी कुणाला ओटीत घ्यायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. उपचारासाठी काढलीच, तर मात्र जपायची. चिमट्याच्या उघड्या दातांनी धरली की गोळी कोणत्या बंदुकीतली ते सांगणाऱ्या तिच्यावरच्या खुणा बिघडतात. टोकांना रबर किंवा गॉज गुंडाळतो आम्ही.

काळापाषाण
ठीक, ठेवा आत. पण मग ज्याच्या शरीरात शिसं राहिलंय, त्या प्रत्येकाची रक्ततपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी. डिस्चार्ज कार्डावर तसं स्पष्ट लिहा.

डॉ. वाटसरू
प्रत्येकाची नको. खूप तुकडे असतील, हाड मोडलं असेल किंवा तुकडे सांध्याजवळ असतील, तर जरूर. गरोदर स्त्रीचीही करावी, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. स्नायूतल्या एका गोळीसाठी माणसाला आयुष्यभर पेशंट करून ठेवणं मला पटत नाही.

काळापाषाण
मला पटतं. भावाच्या हाताला अजून मुंग्या येतात. रक्ताची एक बाटली वेळेवर तपासली असती तर कळलं असतं. कुणाला तपासायचं हे ठरवताना चूक झाली, तर ती पेशंटलाच भोगावी लागते.