मदत हवी आहे : ऑनलाइन ठिबकची नळी मागवताना अजून काय तपासावं?

राम राम मंडळी. रावेर-यावलकडे केळीसाठी १६ मिमीची इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेली) नळी निम्म्या भावात देतो म्हणणाऱ्या जाहिराती मोबाइलवर फिरताहेत. बुकिंगचे पैसे आधी मागतात. गटाच्या खरेदीसाठी तपासणीची पद्धत बसवतोय, भर घाला.

विक्रेत्याचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक घेऊन जीएसटी पोर्टलवर टाकायचा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. नोंदणी चालू की रद्द, तेही दिसतं. पण मेख इथंच आहे : ठग दुसऱ्याच चालू दुकानाचा क्रमांक चिकटवतात. म्हणून यूपीआयवर पिन दाबण्याआधी खातेदाराचं जे नाव दिसतं, ते पोर्टलवरच्या नावाशी जुळवायचं. तिथं दुकानाचं व्यापारी नाव आणि मालकाचं कायदेशीर नाव वेगळं असू शकतं, दोन्ही बघा. दोन्हींत न बसणारं तिसरंच नाव आलं, तर व्यवहार तिथंच सोडायचा. नळीवरच्या आयएसआय खुणेसोबतचा सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो.

परतावा देतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला लावला, तर पिन टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आता अडलंय ते बिल्टीपाशी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीपाशी. माल निघाला म्हणून बिल्टीचा फोटो पाठवतात आणि उरलेली रक्कम मागतात. परराज्यातून ५०,००० रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिलही (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं. हे दोन्ही कागद खरे आहेत का, हे घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी कसं पडताळायचं? भुसावळ-जळगावच्या ट्रान्सपोर्टवाल्यांपैकी कुणी सांगेल का?