मेलचं अपडेट कधी घ्यायचं, हे कोण ठरवणार?

सांगलीकर

मी इथल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात नऊ कॉम्प्युटर सांभाळतो. जीएसटीचं मासिक विवरणपत्र जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख २०. गेल्या वर्षी १९ तारखेला सकाळी ऑफिस उघडलं आणि प्रत्येक टेबलावरून एकच हाक, "मेल कुठे गेले?" मेल कुठेच गेले नव्हते. मेल प्रोग्रॅमने स्वतःहून नवी आवृत्ती घेतली होती. फोल्डरांची यादी वेगळी दिसत होती आणि ठरावीक उत्तरं भरून देणारं आमचं जोड-सॉफ्टवेअर म्हणजे अ‍ॅड-ऑन बंद पडलं होतं. क्लायंटनी पाठवलेली बिलं शोधण्यात दुपार उलटली. प्रोग्रॅमचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही, पद्धतीशी आहे.

पद्धत समजून घ्यायला थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅमचा इतिहास बघा, तो सगळ्यांसमोर आहे. जुलै २०२० मध्ये ७८ वी आवृत्ती आली आणि जुन्या धाटणीची अ‍ॅड-ऑन चालेनाशी झाली. एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे मेल कुलूपबंद करून पाठवण्यासाठी, लोक वर्षानुवर्षं वापरत होते ते एनिगमेलसुद्धा त्यात गेलं. ती सोय मग प्रोग्रॅमच्या आतच आली. त्याच आवृत्तीने टीएलएस (सर्व्हरशी जोडणी सुरक्षित ठेवायची पद्धत) १.० आणि १.१ मुळातच बंद ठेवलं, म्हणजे जुनाट सर्व्हरवरचे मेल यायचे थांबले. जुलै २०२३ मध्ये 'सुपरनोव्हा' नावाने ११५ आली, तिने टूलबारपासून मेलच्या यादीपर्यंत सगळं नव्याने मांडलं. हे निर्णय चुकले असं मी म्हणत नाही. जुनं टीएलएस तर जायलाच हवं होतं. पण एक गोष्ट बघा. ७८.० आणि ११५.० या दोन्ही आवृत्त्या सुरुवातीला फक्त स्वतः डाउनलोड करणाऱ्यांना मिळत होत्या, जुन्या आवृत्तीवर आपोआप चढत नव्हत्या. घाई करू नये हे बनवणाऱ्यांनाही कळतं. मग तीच सावधगिरी मी माझ्या ऑफिसात बाळगली तर चूक काय?

सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपबदल एकाच गाठोड्यात बांधू नका, आणि ते गाठोडं कधी सोडायचं हे मला ठरवू द्या. एवढंच मागणं आहे.

रात्रपाळी

तुमची १९ तारीख मला समजते. मत मात्र साफ अमान्य.

कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही स्वतः फाइल उघडता. मेल प्रोग्रॅममध्ये जगातला कुठलाही अनोळखी माणूस तुम्हाला न विचारता काहीही आणून टाकू शकतो. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधलं सुरक्षेचं एक भोक बुजवलं. आठवणीच्या घंटीसाठी कुठली ध्वनिफाइल वाजवायची, तो पत्ता मेलमध्येच लपवून पाठवायचा. आउटलुक ती फाइल आणायला हल्लेखोराच्या सर्व्हरकडे जायचं आणि जाताना तुमच्या पासवर्डाचा हॅश, म्हणजे सांकेतिक ठसा, देऊन यायचं. मेल उघडायची गरज नाही, प्रीव्ह्यूसुद्धा नको. दुरुस्ती यायच्या आधीपासून त्याचा वापर चालू होता. मे २०१८ मध्ये 'ईफेल' नावाचं भोक निघालं, त्यात एन्क्रिप्ट केलेला मजकूर एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानासारख्या मांडणीच्या, वाटेने बाहेर पडत होता आणि थंडरबर्डही त्यात होतं. अशा वेळी "२० तारखेनंतर बघू" म्हणणाऱ्या ऑफिसाचं काय होतं, ते निस्तरायला मला रात्री बोलावतात.

आणि न बदलून तरी किती दिवस? ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नावा-पासवर्डाने आत येणं बंद केलं. ज्यांच्या जुन्या प्रोग्रॅमला ओऑथ, म्हणजे गूगलच्याच पानावरून परवानगी घ्यायची नवी पद्धत, येत नव्हतं, त्यांच्यासमोर दार लागलं, वेगळा अ‍ॅप-पासवर्ड काढला तरच ते उघडत होतं.

सांगलीकर

रात्रपाळी, मी दुरुस्ती नको म्हणतच नाहीये. सप्टेंबर २०२३ मधलं वेबपी चित्रांचं भोक आठवा. एक चित्र दाखवताना घात होऊ शकत होता, आणि ब्राउझरपासून मेल प्रोग्रॅमपर्यंत सगळ्यांना धावपळ करावी लागली. थंडरबर्डने तेव्हा दोन आवृत्त्या काढल्या: नव्या रूपाच्या लोकांसाठी ११५.२.२ आणि जुन्या रूपावर थांबलेल्यांसाठी १०२.१५.१. म्हणजे भोक बुजवण्यासाठी घराचा रंग बदलावा लागत नाही. हे करून दाखवलेलं आहे.

रात्रपाळी

करून दाखवलं, पण काही आठवड्यांपुरतं. नंतर १०२ बंदच झाली. जुन्या शाखेत (जुन्या आवृत्तीच्या मालिकेत) दुरुस्ती बसवायची म्हणजे तीच दुरुस्ती वेगळ्या कोडमध्ये पुन्हा लिहायची, पुन्हा तपासायची. २०१२ मध्ये मोझिलाने, म्हणजे थंडरबर्ड बनवणाऱ्या संस्थेने, त्यावरची पगारी माणसं कमी केली, २०२० मध्ये ते एमझेडएलए या वेगळ्या उपकंपनीकडे गेलं, आणि आज ते मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं. तीन-तीन जुन्या शाखा जिवंत ठेवायला माणसं कुठून आणायची? तुमच्या नऊ जणांची सवय टिकावी म्हणून त्यांनी दुप्पट राबावं, हे मला पटत नाही.

हिरवा_चाफा

वडील चिपळूणला एकटे असतात, वय ७८, निवृत्त शिक्षक. मी बेंगळुरूला. त्यांनी मेलसाठी वही केली आहे: "वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं चित्र, एकदाच दाबणे." अपडेटनंतर चित्र हललं की वही खोटी ठरते आणि मला फोन येतो. एकदा तर ते दोन दिवस गप्पच होते. आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ते मला फार लागलं.

तरीही मी त्यांच्याकडे अपडेट आपोआप चालूच ठेवलं आहे. बंद केलं तर ते पुन्हा चालू कोण करणार? मी वर्षातून दोनदा जाते. पेन्शनचा मेल म्हणून येणारी कुठलीही फाइल ते उघडतात. ऑफिसात सांगलीकर आहेत. बाबांकडे कोणी नाही. म्हणून मत रात्रपाळींना, पण चित्रं हलवणाऱ्यांनी त्या वहीचा विचार करावा.

टर्मिनल

मतं होत राहतील, आधी थांबवायचं कसं ते लिहितो. बऱ्याच जणांना अर्धंच माहीत असतं.

थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, जनरल, खाली अपडेट्स. तिथे दोनच पर्याय आहेत: आपोआप बसवा, किंवा तपासा पण बसवायचं आधी विचारा. पूर्वी "कधीच तपासू नका" होता, तो काढला. माझ्या मते बरं केलं. दुसरा पर्याय बहुतेकांना पुरतो. पूर्ण बंद करायचं असेल तर प्रोग्रॅमच्या फोल्डरात 'डिस्ट्रिब्यूशन' नावाचं फोल्डर करून त्यात पॉलिसीची (नियमांची) जेसन प्रकारची फाइल ठेवायची आणि 'डिसेबल-अ‍ॅप-अपडेट' खरं करायचं. हे फक्त ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्यानेच करावं. लिनक्सवर अपडेट वितरणाकडून, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या संचाकडून, येतं, तिथे पॅकेज 'होल्ड' करायचं, म्हणजे आहे त्या आवृत्तीवर थांबवायचं. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमध्ये येतं, म्हणून एपीटीचा (नेहमीच्या पॅकेज-व्यवस्थेचा) होल्ड तिथे कामाचा नाही, स्नॅपचा वेगळा लावावा लागतो. यात खूप जण फसतात.

अ‍ॅड-ऑनचं अपडेट वेगळं असतं. प्रोग्रॅम थांबवला तरी ती आपापली बदलत राहतात. अ‍ॅड-ऑन मॅनेजरच्या गिअरमध्ये त्याचं बटण आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नव्या आवृत्तीने एकदा तुमचं प्रोफाइल (मेल आणि सेटिंग्ज ठेवलेलं फोल्डर) उघडलं की परतीचा रस्ता जवळजवळ बंद. जुनी आवृत्ती पुन्हा टाकली तर ती ते प्रोफाइल उघडायला नकार देते आणि नवं करा म्हणते. नवं केलं की समोर रिकामी पेटी, आणि माणूस समजतो वीस वर्षांचे मेल गेले. गेलेले नसतात, जुन्या फोल्डरातच असतात. प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइलच्या फोल्डराची प्रत आधी काढून ठेवा. अपडेट थांबवणं याच्यापुढे दुय्यम आहे.

सांगलीकर, तुमच्यासाठी ईएसआर, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती, बरी. मार्च २०२५ पासून दरमहा बदलणारी आवृत्ती पुढे केली जाते, पण ईएसआर निवडता येते. तिला मोठे बदल वर्षातून एकदाच, दुरुस्त्या मात्र नियमित. तुमचं गाठोडं बऱ्याच अंशी तिथे सोडवलेलं आहे.

स्पर्शरेषा

मला दिसत नाही, मी एनव्हीडीएवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) काम करते. तुम्ही सगळे "रूपबदल" म्हणताय म्हणून लिहितेय. तुमच्यासाठी ते रूप असेल, माझ्यासाठी तो रस्ता आहे. टॅब किती वेळा दाबला की यादी येते, बाणाने खाली गेलं की आधी विषय वाचला जातो की पाठवणाऱ्याचं नाव, हे बोटांत बसलेलं असतं. मेलची यादी नव्याने लिहिली की माझा रस्ता उखडला जातो. तुम्ही नजर फिरवून पाच मिनिटांत बटण शोधता. मला पुन्हा एकेक पाऊल मोजावं लागतं, आणि माझी नोकरी मेलला उत्तरं देण्याचीच आहे.

मला अपडेट हवं आहे. अनेकदा त्यातच माझ्या सोयीची दुरुस्ती असते. पण सोमवारी सकाळी नऊला नको. मला शनिवार हवा. "मशीन सुरक्षित ठेवायचं तर वेळ आम्ही ठरवू" हे मी मान्य करणार नाही. हिरवा चाफा, तुमच्या बाबांची वही मला फार जवळची वाटली.

रात्रपाळी

स्पर्शरेषा, हे मी असं कधी मोजलं नव्हतं. तुमचा शनिवार मान्य. पण सांगलीकर, तुमच्यासाठी एक अट: थांबवणाऱ्याने तारीख लिहून थांबवावं. "नंतर बघू" ही तारीख नव्हे. मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसांत होल्ड लावणारा नोकरी सोडून गेला होता आणि होल्ड तसाच होता.

सांगलीकर

अट मान्य. असं ठरवतोय: सगळीकडे ईएसआर आणि "आधी विचारा". माझ्या स्वतःच्या मशीनवर नवी आवृत्ती आली त्याच दिवशी घेणार आणि अ‍ॅड-ऑन तपासणार. दुरुस्तीची असेल तर बाकीच्या आठ मशीनवर एका आठवड्यात. मोठी वार्षिक असेल तर २१ ते ३० च्या दरम्यान, प्रोफाइलची प्रत काढून. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, म्हणजे मी नसलो तरी दिसतील.

रात्रपाळी

दुरुस्तीला आठवडा जास्त आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं ते सगळ्यांनाच कळतं. तीन दिवस.

सांगलीकर

तीन दिवस, पण १८ ते २० सोडून. त्या तीन दिवसांत काही निघालं तर जोडलेली फाइल फक्त माझ्याच मशीनवर उघडली जाईल.