रानडुकरांसाठी बंदूक हवी, पण परवाना मिळतो रुबाबवाल्यांना. तुमचं मत काय?

मोरणाकाठचा
गावच्या बैठकीत परवा यावरून जुंपली, म्हणून इथं टाकतोय. पाटण तालुक्यातली आमची शेतं जंगलाला लागून. भुईमूग काढणीला आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत सगळं उकरून टाकतो. आमच्या आज्याकडं शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. आजा गेला, बंदूक जमा झाली, आणि माझ्या नावावर परवाना करायला गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर. कुठल्या ऑफिसचं नाव घेत नाही. आणि साताऱ्यात हॉटेलात जेवताना शर्ट वर सरकवून कमरेचं पिस्तूल दाखवणारे आहेतच.

राखण करणाऱ्याला आणि बँकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माजी सैनिकाला परवाना लवकर द्या, रुबाबासाठी मागेल त्याला देऊच नका, असं माझं म्हणणं. खरा घोळ गावठी कट्ट्यांचा. जगभरातल्या बंदुकांचा अभ्यास करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ चा अंदाज बघा. भारतात लोकांकडं ७ कोटींवर बंदुका, त्यातल्या नोंदणीच्या १ कोटीही नाहीत. कायद्याचा काच मात्र अर्ज करणाऱ्यालाच.

कोर्टाच्या पायरीवर
दादा, अर्धं बरोबर. कट्टा सापडला तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा होतोच, पोरं आत जातात. पण परवाना हा हक्क नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं बेकायदा शस्त्रांचा विषय स्वतःहून हाती घेतला, तेव्हा स्पष्ट म्हटलं की अमेरिकेसारखा बंदूक बाळगण्याचा हक्क आपल्या घटनेनं कुणाला दिलेला नाही. या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाच्या ३ बंदुकांच्या २ केल्या, आणि वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिशा कमी करण्याची आहे, वाढवण्याची नाही.

शिराळकर
आम्हीपण चांदोलीच्या जंगलाच्या कडेचेच. बंदूक घेऊन करणार काय? गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, त्याला छर्रा लागला तर तुम्हीच आत. डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी हवी. अंधारात उसात काहीतरी हललं म्हणून बार टाकला आणि पाणी धरायला आलेला शेजारी निघाला तर? सौर कुंपण करा.

मोरणाकाठचा
सौर कुंपण केलंय. आमच्याकडचा पाऊस बघायला या एकदा, वेल-गवत वाढून तारेला टेकलं की करंट गायब. आणि मारायचं कुणाला आहे? नुसता आवाज झाला तरी कळप पळतो.

शिराळकर
आवाजच पाहिजे तर फटाके लावा की! परवाना कशाला?

ढाण्या_वाघ_सातारा
शस्त्र आपल्या रक्तात आहे लोकहो. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. इंग्रजांनी १८७८ चा कायदा आणला तो आपल्याला निःशस्त्र करायलाच. तरी याच जिल्ह्यात प्रतिसरकारनं बंदुका उचलल्या. घरटी एक पिस्तूल पाहिजे, मग कोण वाकड्यात जातंय बघू.

खटावच्या बाई
खंडेनवमीला आमच्याकडं विळा, खुरपं आणि शिलाई मशीनसुद्धा पुजतात, भावा. नाना पाटलांच्या माणसांनी बंदूक धरली ती इंग्रजांच्या राज्यावर. तुम्ही ती इन्स्टावर कुणाला दाखवताय? माझ्या शाळेत नववीतली पोरं वहीवर पिस्तुलाची चित्रं काढतात आणि खाली "भाई" लिहितात. २०२३ च्या मार्चमध्ये मोरणा खोऱ्यातच गोळीबार झाला, दोन जीव गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सांगलीत भरदिवसा सराफी दुकान पिस्तुलाच्या धाकावर लुटलं. घरटी पिस्तूल असतं तर ही भांडणं, हे दरोडे थांबले असते का वाढले असते? बांधाच्या भांडणात आज काठी निघते, म्हणून डोकं फुटतं आणि माणूस वाचतो.

कराडची लेक, मुक्काम टेक्सास
घरटी बंदूक बघायची असेल तर इकडं या. २०२१ पासून टेक्सासमध्ये पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही परवाना लागत नाही. २०२२ मध्ये उवाल्डेच्या शाळेत १९ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. मारणारा नुकताच १८ वर्षांचा झाला होता, रायफली रीतसर दुकानातून घेतलेल्या. माझा मुलगा बालवाडीत असल्यापासून दार लावून, दिवे घालवून गप्प बसायचा सराव करतोय. आणि एक गोष्ट बोलली जात नाही. अमेरिकेत बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरात बंदूक ठेवायची म्हणताय, याचा विचार केलाय का?

मोरणाकाठचा
ताई, हा मुद्दा बैठकीत कुणी काढला नव्हता. पण आत्महत्या करणाऱ्याला घरात औषधाची बाटली असतेच की.

कराडची लेक, मुक्काम टेक्सास
औषध घेतलेल्याला कधीकधी दवाखान्यात नेता येतं, दादा.

निवृत्त सुभेदार, कोरेगाव
सगळे आपापल्या जागी बरोबर, पण माझं पोट बारा बोअरवर आहे. बँकेच्या गार्डची नोकरी बंदुकीमुळंच मिळाली. निवडणूक लागली की जमा करण्याची नोटीस. खरं तर कुणाची जमा करायची हे छाननी समितीनं एकेकाचं बघून ठरवायचं असतं, जामिनावरचे, दंग्यातले वगैरे. प्रत्यक्षात माझ्यासारख्याला ठाण्याच्या रांगेत उभं करतात.

खटावच्या बाई
सुभेदारसाहेब, तुमच्याबद्दल शंका नाही. पण २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला, ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं असं पोलिसांनी सांगितलं. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचं.

निवृत्त सुभेदार, कोरेगाव
तो शिस्तीचा प्रश्न. आता नूतनीकरण ५ वर्षांनी होतं. मधल्या काळात बंदूक कुठं ठेवतो, कुलूप आहे का, घरात दारू पिणारं कोण आहे, हे बघायला माझ्याकडं आजवर कुणी आलं नाही. यायला पाहिजे.

कोर्टाच्या पायरीवर
हे पटलं. मोरणाकाठचे दादा, अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, कलम १८ खाली अपील करता येतं. सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडून ठेवा.

मोरणाकाठचा
नाकारला तरी कुठं? नुसता पडलाय. आणि सुभेदारसाहेब, ५ वर्षांनी कशाला, दर सुगीला या माझं कुलूप बघायला. आधी बंदूक तर हातात येऊ दे.