विषय: लाइन ऑफ ड्यूटी: शेवट फसला का? (सगळी गुपितं फोडलेली आहेत)

प्रेषक: राहुल, कॉव्हेंट्री

नमस्कार मंडळी,

'लाइन ऑफ ड्यूटी' म्हणजे भ्रष्ट पोलिसांना पकडणाऱ्या 'एसी-12' या पोलीस पथकाची मालिका. बीबीसीनं तिचा सातवा सीझन जाहीर केल्यापासून आमच्या घरी पहिल्यापासून परत बघणं सुरू झालंय. आपल्या मंडळाच्या फेब्रुवारीतल्या शनिवारच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर एखादा एपिसोड लावावा, असं मी कार्यकारिणीला सुचवलंय. ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांनी इथूनच मागं फिरा.

माझं भांडण जुनंच. 2 मे 2021 च्या रात्री सव्वा कोटीहून जास्त लोक 'एच', म्हणजे पोलिसांतला छुपा सूत्रधार, कोण ते बघायला बसले होते, आणि निघाला कोण? बकल्स! ज्याला स्वतःचं टेबल धड आवरता येत नाही तो पोलीस अधिकारी बकल्स. नऊ वर्षं डोंगर पोखरला आणि उंदीर काढला. तेव्हा माझ्या जुळे सोलापूरच्या मित्राचा रात्री एकला मेसेज आला होता, "एवढ्यासाठी जागवलास होय बे?" त्याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

मंडळात दाखवायचा तर चौथा सीझन दाखवा, रॉझ हंटलीचा. वेग आहे, रहस्य आहे, आणि पोलिसाच्याच घरात कशी वाळवी लागते ते आहे.

राहुल


प्रेषक: मीनल, लेस्टर

राहुल, तुझा उंदीर मला पटलाय. बकल्स पहिल्या सीझनपासून डोळ्यांसमोर होता आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही, कारण तो मठ्ठ. शेवटी सापडला तो कशानं, तर एका शब्दाचं स्पेलिंग सारखं चुकवतो म्हणून. गोळीबार नाही, पाठलाग नाही. मला तर तिथं टाळी वाजवावीशी वाटली.

आणि पहिला सीझन आठवून बघ. टोनी गेट्ससारखा वर्षातला सर्वोत्तम अधिकारी, पण एसी-12 चा अर्नॉट त्याच्या मागं लागतो कशावरून? कॅफेत फुकट खाल्लेल्या नाश्त्यावरून. आमच्या घरी हे बघताना सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यावरून चौकशी? मग आपल्याकडे खात्यात उरेल कोण?" सोलापूरच्या सात रस्त्याला वर्दीतल्या माणसानं भजीचे पैसे दिले तर गाडीवाल्यालाच घाम फुटेल.

गेट्सची दुसरी युक्ती आठवते? एकाच गुन्ह्यावर कलमांवर कलमं चढवायची, म्हणजे आकडे फुगतात आणि कामगिरी डोळ्यांत भरते. आपल्याकडे उलटी गंगा. तिथं आकडे फुगवून बढती, इथं आकडे दाबून शाबासकी. माझ्या भावाचा मोबाईल सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत खिशातून मारला. पाळण्यापाशी गर्दी, मागून धक्का, हात खिशाकडे जाईपर्यंत फोन गेलेला. ठाण्यात गेला तर ठाणे अंमलदारानं आधी चहा विचारला, मग समजावलं की चोरी म्हणून लिहिलं तर पंचनामे, हेलपाटे, कोर्ट. त्यापेक्षा 'गहाळ' लिहा, विम्याला तेवढं पुरतं. भावानं 'गहाळ' लिहिलं. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात 2013 लाच सांगून ठेवलंय. पण आमचा फोन चोरीलाच गेला नाही, तो हरवला. सोलापुरातली एक चोरी कमी झाली.

यात कुणी पैसे खाल्ले नाहीत. अंमलदार अगदी गोड बोलला. हे एसी-12 कुठल्या फाइलीत घालणार, सांग.

आणि हो, सहावा सीझन सुरू झाला 21 मार्च 2021 ला. त्याच्या आदल्याच दिवशी मुंबईच्या मावळत्या पोलीस आयुक्तांचं मुख्यमंत्र्यांना लिहिलेलं पत्र गाजत होतं, दर महिन्याला वसुली सांगितल्याच्या आरोपाचं. रविवारी रात्री इकडे बीबीसी, तिकडे मराठी बातम्या. कुठल्या स्क्रीनवर मालिका चाललीय तेच कळेना.

मीनल


प्रेषक: अस्मिता, लीड्स

मीनलताई, राहुल, तुम्ही दोघंही एच-एच करत बसलाय. या मालिकेचा जीव एसी-12 च्या त्या काचेच्या चौकशीच्या खोलीत आहे. रेकॉर्डिंग सुरू झाल्याची ती लांबलचक शिटी, टेबलाच्या अलीकडे तिघं, पलीकडे आरोपी आणि फाइलीतले फोटो एकेक करून पडद्यावर. मी इथं फौजदारी वकिली करते, म्हणून सांगते: खऱ्या चौकशा इतक्या चटपटीत नसतात, बऱ्याचदा 'नो कॉमेंट' ऐकत तासभर जातो. पण पाया खरा आहे. 1984 च्या कायद्यापासून ठाण्यातली चौकशी, ध्वनिमुद्रण, वकिलाचा हक्क यांची घडी बसली. 1994 च्या कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं: चौकशीत गप्प बसलात आणि नंतर कोर्टात नवंच काही सांगितलंत, तर ज्यूरी त्यावरून तुमच्याविरुद्ध अंदाज बांधू शकते. त्यामुळे त्या खोलीतल्या शांततेलाही वजन येतं.

माझं मत दुसऱ्या सीझनला. लिंडसे डेंटन, आरोप झालेली पोलीस अधिकारी. ती बाई तीन अधिकाऱ्यांसमोर एकटी बसते आणि बघता बघता त्यांचीच चौकशी व्हायला लागते. शेवटपर्यंत मला ठरवता आलं नाही की हिची कीव करावी की हिला घाबरावं. आणि तिसऱ्यात बंदूक रोखलेली असताना ती पुराव्याचा ईमेल पाठवून मोकळी होते! अशी पात्रं रोज होत नाहीत.

अस्मिता


प्रेषक: नागेशकाका, सोलापूर

राहुल, मीनल, अस्मिता आणि सर्वांना नमस्कार.

लेकीकडे राहायला होतो तेव्हा तिनं मला या यादीत घातलं. परत आलो तरी कुणी काढलं नाही, म्हणून वाचत असतो. मालिका तिच्याकडेच बघितली. तिथल्या थंडीत माणूस दुसरं करणार काय?

अस्मिता, तुझी काचेची खोली झकास, पण ती सोलापूरला आणली तर काडीच्या उपयोगाची नाही. पोलिसापुढं दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. इंग्रज साहेबानंच इथल्या पोलिसावर भरवसा ठेवला नाही, आणि साहेब गेल्यावर आपणही ठेवला नाही. मग लाचखोर पोलीस पकडायचा कसा? बाहेरचे दोन पंच, म्हणजे साक्षीदार, आणायचे आणि त्यांच्यासमोर सापळा लावायचा. मी असा एक पंच होतो.

तेव्हा मी एका सरकारी कार्यालयात लिपिक. साहेबांनी बोलावलं, म्हणाले, "लाचलुचपतचं पत्र आहे, दोन माणसं पाठवायचीत, तुम्ही जा. कुणाला बोलू नका." घरी 'ऑफिसचं काम' एवढंच सांगितलं. तक्रारदार यंत्रमागावर काम करणारा. त्याची मोटारसायकल अपघाताच्या गुन्ह्यात जप्त झालेली. कोर्टानं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, द्यायचा आदेश केलेला, कागद त्याच्या हातात, तरी हवालदार गाडी सोडेना. हवालदार खरंच पैसे मागतो का, याची आधी पडताळणी झाली. रेकॉर्डर खिशात ठेवून त्याला पाठवलं, मी मागं थोड्या अंतरावर. हवालदार पैशाचा शब्द काढत नव्हता. "बघ की तुझं तू," एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी नोटांचे नंबर मोठ्यानं वाचून लिहून घेतले. नोटांना अँथ्रासीनची पावडर लावली. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की निळसर चमकते. तक्रारदाराला बजावलं: मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत, हात मिळवायचा नाही, पैसे घेतले की डोक्यावरून हात फिरवायचा. त्याला इतका घाम आलेला की तो खिशाला हात लावायलाच भीत होता.

हवालदार आला. पैसे घेतलेच नाहीत. चहाच्या टपरीकडे नुसती मान हलवली. टपरीवाल्यानं नोटा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि परत चहा गाळायला लागला. इशारा झाला, माणसं धावली. शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून अंधार केला आणि दिवा लावला. हवालदाराचे दोन्ही हात कोरे. चमकत होती ती टपरीवाल्याची बोटं, आणि नंतर गल्ल्याची कड, गाळणीची मूठ. तो पोरगा स्वतःच्या बोटांकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

समन्स आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आरोपीच्या वकिलानं मला उभं-आडवं विचारलं. हवालदारानं मान खाली हलवली की बाजूला? मान हलवणं म्हणजे पैसे मागणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पंचनामा तुम्ही वाचून सही केलीत की दाखवलं तिथं केलीत? वाचून केली होती. पण इतक्या वर्षांनी 'डावीकडे की उजवीकडे' याला माणूस अडखळतोच. तक्रारदार तर सरळ फितूर झाला. हवालदाराला ओळखतच नाही म्हणाला. गाडी त्याला केव्हाच मिळाली होती. लाचेच्या खटल्यात नोटा सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. ती झाली नाही, दोघेही सुटले. निलंबन उठून हवालदार त्याआधीच कामावर आला होता. टपरीवाल्याची टपरी मात्र सापळ्याच्या वर्षीच गेली. तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचा गाडा असतो.

पुढं 15 डिसेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की तक्रारदार फिरला किंवा मेला तरी बाकीच्या पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. आमचा निकाल त्याआधीचा.

म्हणून राहुल, मला तुझा बकल्स शंभर टक्के पटला. त्या हवालदारात मला कुठलं कारस्थान दिसलं नाही. जपून मान हलवणारा साधा माणूस होता, पोरीच्या लग्नाची काळजी वगैरे असलेला. आणि आपल्याकडे कुणी ही मालिका काढलीच, तर काचेची खोली बांधत बसू नका. शटर अर्धं ओढा आणि पंचनामा दाखवा. कोर्टातल्या माणसाला विचारा, सगळी लढाई त्या चार-पाच पानांवर होते.

पंचनाम्यालाही मी देव मानत नाही. मंगळवार पेठेच्या चौकीवरच्या पोलिसांच्या खुनाबद्दल आपल्याच गावच्या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. त्या खटल्यातही साक्षी-पुरावे होतेच की. गावात आजही कुणी मानत नाही की खून यांनी केला.

आपला,
नागेशकाका


प्रेषक: राहुल, कॉव्हेंट्री

काका, तुमची मेल बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. पण कथा म्हणून मी हटणार नाही! खऱ्या आयुष्यात मान हलवणारा माणूस चालतो. नऊ वर्षं डोळे ताणून बसलेल्या प्रेक्षकाला आणखी काहीतरी द्यायला पाहिजे होतं.

एक शंका. तो यंत्रमागवाला पैसे घेऊन गेला म्हणजे लाच देणाराही तोच ना? त्याच्यावर गुन्हा नाही?

राहुल


प्रेषक: अस्मिता, लीड्स

राहुल, 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही सरळ गुन्हा आहे. पण ज्याला द्यायला भाग पाडलं त्यानं सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवलं तर तो सुटतो. आणि आधी तक्रार करून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्याला तर हे लागूच होत नाही. काकांचा यंत्रमागवाला त्यात बसतो. महाराष्ट्रात 1064 वर फोन करता येतो, घरच्यांना सांगून ठेवा.

काका, पंच म्हणून सही करताना पंचनाम्याची प्रत तुम्हाला मिळाली होती का? इथं आम्ही असल्या प्रश्नावर अर्धा दिवस भांडू.

अस्मिता


प्रेषक: नागेशकाका, सोलापूर

अस्मिता, प्रत आरोपीला मिळते, पंचाला नाही. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यात वाचायला दिला तेवढाच. वाचताना माझीच सही मला अनोळखी वाटली. तेव्हा मी आडनाव पूर्ण लिहायचो.

काका


प्रेषक: कार्यवाह

मंडळी, कार्यकारिणीचं ठरलं. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, दुपारी तीन, नेहमीचा शाळेचा हॉल. दुसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड, मग चर्चा. मालिकेत हिंसा आहे, म्हणून मुलांची सोय शेजारच्या वर्गात. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मीनलताईंकडे, बाकीच्यांनी कुणी काय आणणार ते गुरुवारपर्यंत कळवा. मागच्या वेळी तीन घरांनी ढोकळा आणला होता. नागेशकाकांनी व्हिडिओवर यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.


प्रेषक: नागेशकाका, सोलापूर

इकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. शेतावर हुरड्याला पाहुणे आहेत, पण मी मोबाईल घेऊन बांधावर बसतो, तिथं रेंज येते. आवाजाचं तेवढं आधी तपासा. कोजागरीला मला तुमचं 'ऐकू येतंय का' सोडून काहीही ऐकू आलं नव्हतं.

काका