पाण्याचा खेळ: नियम गावाला बदलू द्यावेत का?

पाणलोट
दुष्काळी पट्ट्यात चार वर्षं पाण्याच्या ताळेबंदाचं, म्हणजे गावात पाणी किती आलं नि किती वापरलं या हिशेबाचं काम करतोय. फळ्यावर आकडे मांडले की लोक माना डोलावतात, पण पेरणीच्या वेळी मागचं तेच पीक घेतात. आकडा समोर दिसतो, पण पाच वर्षांनी आपली विहीर कशी असेल हे त्यातून दिसत नाही. म्हणून एक खेळ बांधला. मधे परात आणि तिच्यात 40 चिंचोके, म्हणजे गावचं भूजल. भोवती पाच शेतकरी, हातात पिकांचे पत्ते. रब्बी ज्वारीला 2 चिंचोके, कांद्याला 3, उसाला 8. डाव संपला की फासा टाकायचा आणि येईल त्याच्या चौपट चिंचोके परातीत परत घालायचे, तो पाऊस. एक डाव म्हणजे एक वर्ष. पहिल्याच डावात पाचही जणांनी ऊस लावला की परात रिकामी.

असे खेळ नवे नाहीत. आंध्रातल्या गावांत आयएफपीआरआय ही आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी ही स्वयंसेवी संस्था यांनी भूजलाचे पीकनिवडीचे खेळ घेतलेत: आधी न बोलता खेळायचं, मग आपसात बोलून. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. नियमसुद्धा गावाला बदलू द्यावेत.

एका गावात तिसऱ्या डावाला मागे बसलेल्या आजी उठल्या. म्हणाल्या, "आरं, जनावरांचं पाणी कुठाय ह्यात?" खरंच नव्हतं. मी चार वर्षं ताळेबंद मांडतोय आणि माझ्याच पटावर गुरं नव्हती. तिथल्या तिथे ठरलं, दर डावाला 4 चिंचोके आधी बाजूला काढायचे, माणसांचे नि जनावरांचे. त्यानंतरचा खेळ त्या गावाचा झाला. उद्या काय घडू शकतं हे त्या त्या गावालाच विचारायला हवं. मी घरी बसून ठरवलेलं भविष्य त्यांनी का खेळावं?

आकडेमोड
आजींचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. हे ग्रामसभेत ठरत नाही. उसाला 1500 ते 2500 मिमी पाणी लागतं, ज्वारीला 450 ते 650. तुमचं 8 ला 2 हे प्रमाण यातूनच आलेलं आहे आणि ते योग्य आहे. उद्या कुणी म्हणालं की "आमच्याकडे ठिबक आहे, ऊस 3 चिंचोक्यांत बसवा", तर बसवणार? पावसाला हात वर करून मत देता येत नाही. लोकांनी नियम सैल केले आणि परात दहा डाव भरलेली राहिली, तर त्या गावाला तुम्ही खोटा दिलासा देऊन आलात.

पाणलोट
ठिबकचं एका गावात निघालंच होतं. मी नाही म्हटलं नाही. 8 चे 6 केले, पण ठिबकचा खर्च पहिल्या डावातच भरायचा. पुढे काय झालं ते ऐका. वाचलेल्या पाण्यावर दोघांनी लगेच आणखी एक पत्ता लावला आणि परात आधीपेक्षा एक डाव लवकर संपली. हे मी भाषणात सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं.

कालव्याचं_शेपूट
माझं गाव कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे, म्हणून जरा कडक लिहितो. "नियम गाव बदलेल" यातलं गाव म्हणजे कोण? आमच्याकडे असाच एक खेळ झाला होता. नियम सुचवा म्हटल्यावर वरच्या अंगाच्या एका बागायतदाराने सुचवलं की ज्याची जमीन परातीला जवळ, त्याने आधी उचलायचं. सगळे गप्प. विरोध कोण करणार, संध्याकाळी त्याच्याच ट्रॅक्टरची गरज लागणार होती. नियम लागू झाला, आम्ही शेवटी बसलो, सहा डाव आम्हाला काही मिळालं नाही. जे खरोखर भोगतो तेच पटावर पुन्हा भोगलं, वर ते "सर्वांनी मिळून ठरवलेलं" झालं. नियम पक्के असते तर निदान दोन तास तरी आम्ही बरोबरीने बसलो असतो.

पाणलोट
याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढं नक्की, की हात वर करून नियम ठरवणं आजपासून बंद. प्रत्येकाला दोन चिंचोके द्यायचे, एक साधा, एक चुन्याने रंगवलेला. हो असेल तर साधा, नको असेल तर रंगवलेला, झाकलेल्या मडक्यात टाकायचा.

आकडेमोड
गुप्त मतदान चांगलं. पण मूळ प्रश्न राहतोच. हिवरे बाजार या गावात ताळेबंद टिकला, कारण शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस-केळी नाही हे पक्कं आहे. यंदा पाणी किती आहे ते मोजून पिकं ठरतात, पण त्या दोन गोष्टी दरवर्षी नव्याने चर्चेला घेत नाहीत.

शेतकऱ्याची_लेक
पण हिवरे बाजारचे ते नियम बाहेरून कुणी आणून दिले नव्हते. गावानेच केले, म्हणून गाव ते पाळतं. तुमचं उदाहरण पाणलोट यांच्या बाजूचं आहे.

माझी हरकत वेगळीच आहे. तुमच्या पटावर पाणी आहे, पाऊस आहे, बाजार कुठे आहे? शेतकरी ऊस हौसेने लावत नाही. उसाचा भाव ठरलेला असतो आणि कारखाना तो नेतो. कांद्याचं काय? 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी झाली आणि ती उठली थेट मे 2024 मध्ये. माझ्या वडिलांचा कांदा तेव्हा कांदाचाळीत साठवलेला होता. ते रोज सकाळी चाळीत जाऊन एक कांदा हातात दाबून बघायचे आणि काही न बोलता परत यायचे. तुमच्या खेळात त्यांनी 3 चिंचोक्यांचं "शहाणं" पीक घेतलं होतं. खेळ त्यांना शाबासकी देईल, बाजाराने मात्र त्यांना बुडवलं. अशा पटावरून लोक उठतात ते "चूक आपलीच" असं मनात धरून. भविष्य बिघडवणारे अर्धे निर्णय गावाबाहेर होतात आणि ते तुमच्या परातीत येतच नाहीत.

पाणलोट
ताई, हे लागलं. दर डावाला एक बाजाराची चिठ्ठी उचलायची असं केलं तर? निर्यातबंदी, हमीभावाने खरेदी, कारखाना उशिरा सुरू. चिठ्ठ्या गावानेच लिहायच्या, आपल्याला जे घडलंय आणि जे घडेल अशी भीती आहे ते.

आकडेमोड
इथे मी तुमच्या बरोबर आहे. चिठ्ठ्या गावाच्या असू देत, पण फासा आणि पिकाचं पाणी यांना हात लावायचा नाही. माणसाने केलेलं बदलता येतं, म्हणून ते पटावरही बदलू द्या. पावसाचं तसं नाही.

पाणलोट
फासाही मला पूर्ण पक्का ठेवायचा नाही. पाऊसमान बदलतंय. पाचव्या डावानंतर दोन फासे टाकायचे आणि त्यातला लहान आकडा धरायचा, असं एका गावाने सुचवलं, कारण त्यांच्या मते पुढची वर्षं अशीच असणार. हे तुम्ही कसं नाकारणार?

आकडेमोड
तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी समोर ठेवून ठरवलंत तर नाकारणार नाही. नुसत्या अंदाजावर ठरवलंत तर नाकारेन.

कोयता
सगळा धागा वाचला. मी बीड जिल्ह्यातली. आम्हाला जमीन नाही, विहीर नाही. तुमच्या पाच खेळाडूंत माझी आई कुठे बसते? तिच्या हातात पत्ता नाही, चिंचोका नाही. पण गावात पाणी संपलं की पहिली गाव सोडणारी तीच, आणि ती जाते कुठे, तर दुसऱ्याचा ऊस तोडायला.

पाणलोट
सहावी जागा करतो. तिच्या हातात पत्ता नाही, पण नियमाला मत आहे. डावात लावलेल्या पिकांतून तिला मजुरी मिळते. परातीत 10 पेक्षा कमी चिंचोके उरले, की तिने उठून जायचं आणि दोन डावांनी परत यायचं.

कोयता
ती गेल्यावर तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवू नका. ती जागा रिकामी दिसली पाहिजे. आणि परत आली की तिला आधी विचारा, मधल्या दोन डावांत तुम्ही बदललेले नियम तिला मान्य आहेत का.