ऑनलाइन टूलने अकारविल्हे लावलेली मराठी यादी तशीच छापायची का?

तापीकाठ

राम राम मंडळी. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची डिरेक्टरी निघतेय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत पसरलेली माणसं आहेत, पुढे आडनावांची यादी आणि मागे गावांची सूची असं ठरलंय. समितीतल्या पोरांनी सगळी नावं एका ऑनलाइन सॉर्टिंग टूलमध्ये पेस्ट केली, बटण दाबलं आणि आता म्हणतात झालं काम, प्रेसला द्या.

माझा याला विरोध आहे. टूलने दिलेला क्रम आपला नाहीच. गावांच्या सूचीत साळवा आधी आणि सावदा नंतर, पळासनेर आधी आणि पहूर नंतर. आडनावांत कोळी आधी, कोष्टी नंतर, काळे आधी, कासार नंतर. आपल्याकडे य र ल व श ष स ह ळ असं शिकवतात, ळ हा ह च्याही मागे, मग क्ष आणि ज्ञ. टूलने ळ उचलून ल च्या शेजारी बसवलाय. आणि खान्देशात ळ किती आहे बघा, जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, तळोदा, गावागावात तोच.

क्षीरसागर क च्या पार शेवटी गेलेत. ज्याला माहितीये की क्ष शेवटी असतो तो शेवटचं पान उघडणार, तिथे नाव नाही, म्हणजे आपल्याला वगळलं असंच त्याला वाटणार. एकदा छापून घरोघर गेलं की दुरुस्ती कुठे करायची?

भुसावळ_जंक्शन

दादा, आदर ठेवून सांगतो, मला पटत नाही. टूलने काही चुकीचं केलेलं नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक नंबर असतो, हेक्समध्ये ल चा ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५ आणि ह चा ०९३९. अशी बरीच साधी टूलं जावास्क्रिप्टच्या सॉर्टवर चालतात, आणि त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर ते फक्त हे नंबर बघतं. देवनागरीचा हा तक्ता इस्की नावाच्या १९८८ च्या भारतीय प्रमाणावरून आलाय, तो मराठी, हिंदी, नेपाळी सगळ्यांना एकच. म्हणजे नियम आहे आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोच लागलाय, हाताने लावलेल्या यादीत एवढं तरी मिळतं का?

आणि डिरेक्टरीत माणूस शोधतो कसा ते बघा ना. पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते, वरच्या चौकटीत नाव टाकलं की सापडलं. छापील प्रत घेतली तरी पहिलं अक्षर बघतो आणि बोट खाली फिरवतो. कोळी आणि कोष्टी आजूबाजूलाच असणार आहेत, एक वर एक खाली, यासाठी काम अडवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पोरांनी रात्री जागून टायपिंग केलंय.

चोपड्याचे_सर

भुसावळकर, पीडीएफमध्ये शोधून सापडतं हे गृहीत धरू नका. प्रेसमध्ये अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर लावतात. दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा. त्यात तुम्ही "पाटील" टाइप करून शोधलं तर काहीच हाती लागत नाही. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी कित्येकदा तुटून बसते. शिवाय टाइप करणाऱ्याने सुर्यवंशी लिहिलंय की सूर्यवंशी, हे शोधणाऱ्याला कुठून कळणार?

म्हणून छापील पानाचा क्रमच कामाला येतो आणि तो आपलाच पाहिजे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला ठरवून दिलीय, तिच्यात ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. शब्दकोश याच वळणाचे. मी वर्गात मुलांना शब्दकोश बघायला शिकवलंय, आणि त्याच शाळेच्या पुस्तकात उलटा क्रम यावा हे मला चालणार नाही.

सातपुडा_पायथा

मला वाटतं दोघंही ळ वरच अडकलाय, खरी गडबड यादीतच आहे. मी ती फाईल बघितली. निम्म्या नावांना पुढे श्री. लावलंय, काहींना डॉ., काहींना कै. टूलसाठी ओळीचं पहिलं अक्षर म्हणजे पहिलं अक्षर, त्यामुळे सगळे श्री. एका गठ्ठ्यात श मध्ये जाऊन बसले. काही ओळींच्या सुरुवातीला एक रिकामी जागा राहिलीय, दिसत नाही, पण रिकाम्या जागेचा नंबर सगळ्या अक्षरांच्या आधी आहे म्हणून त्या ओळी पार वर चढल्या. आणि ॲड. तर बघाच. एकेका फोनवर ॲ एक अक्षर म्हणून उमटतं, त्याचा नंबर ०९७२, ह च्याही पुढे, मराठी आकड्यांच्याही पुढे. दुसऱ्या फोनवर तेच अ वर चंद्र देऊन बनतं. दिसायला सारखं, पण एक वकील अ मध्ये आणि दुसरा यादीच्या तळाला.

बॅचच्या यादीत इंग्रजी आकडे अक्षरांच्या वर आणि मराठी आकडे अक्षरांच्या खाली गेलेत, आणि १० हा २ च्या आधी. हे साफ केल्याशिवाय कोणताही क्रम लावा, चुकणारच.

ळ बद्दल मी तापीकाठ दादांच्या बाजूने आहे. आमच्याकडे नंदुरबारला वळवी आणि वसावे दोन्ही आडनावं भरपूर. आपल्या क्रमाने वसावे आधी यायला पाहिजे आणि व चे सगळे वळवी त्यानंतर. टूलमध्ये बरोबर उलटं झालंय. एक वर एक खाली म्हणता, पण इथे गठ्ठेच्या गठ्ठे उलटे आहेत भाऊ.

पांझराकाठची_ताई

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कोणीच काढला नाही म्हणून लिहिते. त्या पेस्ट केलेल्या यादीत मोबाइल नंबर आणि पत्ते होते का? असतील तर हे टूल कोणाचं, यादी आपल्याच मशीनमध्ये राहिली की कुठल्या सर्व्हरवर गेली, हे कोणी बघितलं? बघायला एक साधी युक्ती आहे, पान उघडा, नेट बंद करा आणि चार खोटी नावं टाकून सॉर्ट करा, झालं तर काम ब्राउझरमध्येच चाललंय, अडकलं तर डेटा बाहेर जातो. लोकांनी शाळेवर विश्वास ठेवून नंबर दिलेत, त्यात कितीतरी मुलींचे आहेत, ते असे कुठेही चिकटवायचे नसतात. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय तो उगीच नाही. फक्त नाव आणि एक क्रमांक पेस्ट करा, बाकी रकाने आपल्या फाईलमध्येच ठेवा आणि नंतर क्रमांकावरून जोडा.

आणि पाटलांचं काय करणार? आडनावाने लावलं की पाटील, पाटील, पाटील, पानंच्या पानं. तिथे नाव, मग वडिलांचं नाव, मग गाव हे एकाखाली एक लागलंच पाहिजे. एका ओळीत "पाटील आर. के." आणि दुसऱ्या ओळीत पूर्ण नाव असेल तर घरच्यांनाही सापडणार नाही.

भुसावळ_जंक्शन

ताई, नंबर पेस्ट केले होते, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, ते थांबवतो. श्री. आणि डॉ. वेगळ्या रकान्यात घेतो. पण ळ साठी हाताने हजारो ओळी हलवायच्या का? तिथे नव्या चुका होतील त्या कोण तपासणार?

सातपुडा_पायथा

हाताने कशाला? युनिकोडवाल्यांनी भाषावार क्रमाचा डेटा वेगळा ठेवलाय, सीएलडीआर नावाचा, त्यात मराठीचे नियम हिंदीपेक्षा वेगळे आहेत. टूलमध्ये भाषा निवडायची सोय असेल तर मराठी निवडा आणि पहूर आणि पळासनेर टाकून निकाल बघा.

सोय नसेल आणि टूल नंबरानेच लावत असेल तर हे करा. यादीच्या कॉपीत सगळे ळ बदलून तिथे अवग्रह, म्हणजे ऽ, टाका. त्याचा नंबर ०९३डी, ह च्या नंतर आणि काना-वेलांटीच्या आधी, नेमकी ळ ची जागा. क्ष किंवा ज्ञ ने सुरू होणाऱ्या ओळींच्या पुढेही एक ऽ लावा, त्या शेवटी जातात, कारण मराठी नाव ळ ने सुरू होत नाही. सॉर्ट करा. मग आधी ओळींच्या सुरुवातीचे ऽ काढा आणि उरलेल्या ऽ चे परत ळ करा. सावदा, साळवा बरोबर लागतात.

धुळे_आग्रा_रोड

तुमनं म्हननं बरोबर शे भाऊ, पण मी तरी जंक्शनच्या बाजूने. आजची पोरं कोशात शब्द बघत नाहीत, त्यांना ल च्या शेजारी ळ सापडला तर काही खटकत नाही. क्रम लोकांच्या सवयीने बदलतो, शासन निर्णयाने नाही. वर एक ओळ छापा की या पुस्तकात ळ हा ल नंतर आहे, संपला विषय.

तापीकाठ

ती सूचना कोणी वाचत नाही हो. डिरेक्टरी उघडणारा थेट पानावर जातो. आणि सवय म्हणाल तर पहिलीच्या भिंतीवर आजही ह नंतरच ळ रंगवलेला आहे, आमच्या शाळेतसुद्धा. पोरांना जे आपण शिकवतो ते आपल्याच पुस्तकात मोडायचं नाही, यावर मी हटणार नाही.

भुसावळकर, अवग्रहाची युक्ती आधी गावांच्या सूचीवर करा, ती छोटी आहे. तिचा प्रिंट चोपड्याच्या सरांना दाखवू. आडनावांची यादी त्यानंतर.

भुसावळ_जंक्शन

गावांची करतो, नेट बंद ठेवूनच. पण पीडीएफ युनिकोड फॉन्टमध्येच निघेल आणि तिच्यात शोध लागेल, हे प्रेसकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर मी माझी बाजू सोडत नाही.