बुबुळ, काचबिंदू, चक्कर : डोळ्या-कानाच्या दवाखान्यातले शब्द

प्रश्न :
तालुक्याच्या गावी होणाऱ्या नेत्र व कर्ण तपासणी शिबिराचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. डॉक्टरांनी मजकूर इंग्रजीत दिलाय. कोश उघडले तर पारपटल, परितारिका, अधिमंथ, वृद्धदृष्टिता असे शब्द समोर आले. वाचणारे बहुतेक साठी-सत्तरीचे, शेतीवाडी करणारे. त्यांना हे शब्द द्यायचे की कॉर्निया, ग्लॉकोमा तसेच ठेवायचे? आणि पहिली अडचण म्हणजे बुबुळ. बुबुळ म्हणजे कॉर्निया की आयरिस?

विज्ञानशिक्षक :
दहावीच्या पुस्तकाप्रमाणे बुबुळ म्हणजे आयरिस, म्हणजे डोळ्याला रंग देणारा मांसल पडदा. त्याच्या मधलं लहान-मोठं होणारं छिद्र ती बाहुली, आणि पुढची पारदर्शक काच ते पारपटल, म्हणजे कॉर्निया. मुलं हेच शिकतात, तुम्हीही हेच छापा. प्रश्न मिटला.

डोळ्यांच्या दवाखान्यातून :
गुरुजी, वर्गात मिटला असेल, ओपीडीत नाही मिटत. बोलीत डोळ्यातला सगळा काळा गोल म्हणजे बुबुळ. पारपटल, परितारिका (आयरिस), बाहुली असे तीन वेगळे अवयव त्या एका शब्दात बसलेत. 'बुबुळाला फूल पडलं' म्हणतात तेव्हा पांढरा डाग असतो पारपटलावर. वर्तमानपत्रात 'बुबुळ प्रत्यारोपण' येतं तेव्हाही बदललेलं असतं पारपटलच. आयरिसचं दान आणि प्रत्यारोपण होत नाही.

हा शब्दांचा काथ्याकूट नाही. नेत्रदानाचा अर्ज भरताना नातेवाईक हमखास विचारतात, 'ज्याला बुबुळ बसवाल त्याच्या डोळ्याचा रंग बदलेल का?' बुबुळ म्हणजे रंगाचा पडदा असं शाळेत शिकल्यावर हा प्रश्न पडणारच. उत्तर सरळ आहे : नाही बदलत, कारण बसवतात ती फक्त पुढची पारदर्शक चकती. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली आजच्या चेकियातल्या ओलोमोउत्समध्ये माणसावरचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं तेही याच चकतीचं. अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवून दृष्टी देणं अजून कोणाला जमलेलं नाही.

पत्रकात मी असं लिहीन : 'बुबुळावरची पारदर्शक काच (पारपटल)'. एकदा एवढं लिहिलं की पुढे नुसतं पारपटल चालेल. स्वच्छमंडल असाही शब्द जुन्या लिखाणात सापडतो. छान आहे, पण रुग्णाला तो सरकारी स्वच्छता योजनेसारखा वाटतो.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. मग ग्लॉकोमाला काचबिंदू लिहू ना? डॉक्टर म्हणाले, लोक मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच समजतात, तर काचबिंदू नकोच.

डोळ्यांच्या दवाखान्यातून :
काचबिंदूच लिहा. अधिमंथ कोणालाच कळणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांची भीती खरी आहे. दोन्हींत 'बिंदू' आहे, म्हणून लोकांना ते सख्खे भाऊ वाटतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत बहुतेकदा डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस सुकत जाते. एकदा गेलेली नजर परत येत नाही, थेंब आणि शस्त्रक्रिया उरलेली वाचवतात. एकाला थांबलं तरी बहुधा चालतं, दुसऱ्याला चालत नाही. त्यात काचबिंदूचा नेहमीचा प्रकार दुखत नाही, आधी कडेकडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत ठीक वाटतं. माणूस म्हणतो, 'मोतीबिंदू असेल, पिकू दे.'

या 'पिकू दे'वर पत्रकात एक चौकट हवीच. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत मोतीबिंदू चांगला घट्ट होऊ द्यायचे, तो काळ गेला. फेको पद्धतीत भिंगाचा आतच चुरा करून तो ओढून घेतात. फार पिकून कडक झालेलं भिंग उलट त्रास देतं. आणि गंमत बघा, 'मोतीबिंदूचा काचबिंदू होतो' हा लोकांचा समज एरवी चूक असला तरी इथे खरा ठरतो. अति पिकलेलं भिंग फुगलं किंवा पाझरलं की डोळ्यातला दाब खरोखरच चढतो.

आयुर्वेदाचे अभ्यासक :
थोडं अवांतर. 'काच' हा शब्द या गोंधळात आज आलेला नाही. वाग्भटाच्या जुन्या आयुर्वेदग्रंथात दृष्टी जाण्याची वाट तिमिर (अंधुक दिसणं), काच, लिंगनाश (नजर पूर्ण जाणं) अशी सांगितली आहे. म्हणजे तिथला काच आजच्या मोतीबिंदूच्या जवळचा. मराठीने तो उचलून ग्लॉकोमाला दिला. ग्रीकांचंही असंच झालं. 'ग्लाउकोस' म्हणजे निळसर-हिरवट करडा, आणि बाहुलीत तसा रंग दिसणारे निरनिराळे आजार त्यांनी एकाच नावाखाली घातले होते. मोतीबिंदू म्हणजे भिंगच गढूळ झालेलं असतं, ही गोष्ट युरोपात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कुठे पक्की झाली.

विज्ञानशिक्षक :
बुबुळाचं मान्य. पण वृद्धदृष्टितेला तरी हरकत नसावी.

प्रश्नकर्ती :
सर, बेचाळीस वर्षांच्या बाईला 'तुम्हाला वृद्धदृष्टिता आहे' असं वाचायला देऊन बघा! आमच्याकडे 'चाळिशी लागली' म्हणतात आणि कोणी रागावत नाही. भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचं वाचता येईनासं होतं ते साधारण याच वयात, मग शब्द बरोबरच आहे की.

डोळ्यांच्या दवाखान्यातून :
चाळिशीला माझं मत. चष्म्यालाही आपण चाळशी म्हणतोच. निकटदृष्टिता आणि दूरदृष्टिता मात्र पत्रकातून काढून टाका. निकटदृष्टिता म्हणजे जवळचं दिसतं की जवळचा दोष, यात शिकलेलेही अडखळतात, आणि दूरदृष्टी हा तर पुढाऱ्यांच्या सत्कारात वापरायचा शब्द. 'लांबचं अंधुक दिसतं, मायनस नंबर' एवढं पुरे. रांजणवाडी, रातांधळेपणा, तिरळेपणा हे आहेत तसे ठेवा, त्यांना कोशाची गरज नाही. 'डोळे येणे' पण ठेवा. फक्त नुसतं बघून डोळे येत नाहीत, हात आणि टॉवेल यांतून पसरतात, हे लिहा. २०२३ च्या पावसाळ्यात साथ आली तेव्हा माणसं काळे चष्मे लावून एकच टॉवेल वापरत होती. खुपऱ्यांचा (ट्रॅकोमा, पापण्यांच्या आतल्या बाजूचा संसर्ग) परिच्छेद मात्र छोटा करा. भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं. आजीच्या बोलण्यातला तो शब्द नातवाला आता कळतही नाही.

कान-नाक-घसावाले :
डोळेवाल्यांनी जागा अडवली, आता आमचं ऐका. कानाची मराठी मुळात श्रीमंत आहे. घाट चढताना 'दडे बसतात', फटाक्याने 'कानठळ्या बसतात', पोराचा 'कान फुटतो'. हे तीनही वेगवेगळे प्रकार आहेत आणि बोलीने ते नीट वेगळे ठेवलेत. फक्त 'कान फुटला' याचा अर्थ मार लागून फुटला असा घेऊ नका. सर्दीनंतर मधल्या कानात पू साठतो, पडद्याला छिद्र पडतं आणि कान वाहू लागतो, तो हा कान फुटणे. त्यात कोमट तेल ओतू नये हे ठळक छापा. आतल्या तीन हाडांना हातोडी, ऐरण आणि रिकीब (घोडेस्वाराची पाय ठेवायची कडी) म्हणतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ही नावं सुंदर आहेत, पण घोड्यावर कोणी बसत नाही, त्यामुळे रिकिबीचं चित्र काढावं लागेल.

खरा घोळ व्हर्टिगोचा. रुग्ण 'चक्कर येते' म्हणतो. त्यात खोली गरगर फिरणं आलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं आलं, चालताना झोक जाणं आलं, उपाशीपोटी कसंतरी होणंही आलं. पहिलं बहुधा कानाचं, दुसरं रक्तदाबाचं, तिसरं नसांचं किंवा मेंदूचं असू शकतं. कोणी सुचवेल, व्हर्टिगोला भोवळ लिहा. भोवळमध्ये फिरणं आहे खरं, पण 'भोवळ येऊन पडला' म्हणजे आपण शुद्ध हरपली असंच समजतो. घेरीचंही तेच. निर्विवाद शब्द एकच, गरगरणे. मी विचारतो, 'घर फिरतं, की डोळ्यांपुढे काळोख येतो, की पाय लटपटतात?' कूस बदलली की काही सेकंद गरगरतं असं उत्तर आलं, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले असण्याची शक्यता मोठी. ते डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून परत जागेवर आणता येतात. पत्रकात हाच प्रश्न छापा.

प्रश्नकर्ती :
छापते. शेवटचं एक. मूळ मजकुरात एके ठिकाणी मूकबधिर आहे, दुसरीकडे कर्णबधिर. ज्येष्ठ मुद्रितशोधक म्हणतात, बधिर म्हणजेच बहिरा, मग कर्ण कशाला?

कान-नाक-घसावाले :
संस्कृतात त्यांचं बरोबर आहे, मराठीत नाही. आपण दात काढताना हिरडी बधिर करतो, मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, भूल देणाऱ्याला बधिरीकरणतज्ज्ञ म्हणतो. मराठीत बधिर हा आधी संवेदना गेलेला, म्हणून कर्ण लागतोच. मूकबधिर मात्र टाळा. ऐकू न आल्यामुळे बोलणं शिकता आलेलं नसतं, कंठ बहुतेकांचा शाबूत असतो. लवकर यंत्र आणि वाचाउपचार मिळाले तर अशी कित्येक मुलं बोलतात. आईबापांनी 'मूक' वाचलं की ते प्रयत्न सोडतात, हा माझा अनुभव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दोन पायऱ्या आहेत : दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारे. दाखल्यासाठी येणाऱ्यांना हा फरक लागतो, तेव्हा तिथे शब्दांची अदलाबदल करू नका.

आणि श्रवणयंत्र छापलंत तरी शेजारी 'कानाचं मशीन' लिहा. रांगेत उभा राहिलेला माणूस तेच मागणार आहे.